मैनाबाईंच्या जलशात मी चावलो तेव्हा

या मित्रांनो, पण जरा लांबच बसा. मी अडकित्ता. म्हातारा झालो, तरी पातं अजून जागं आहे. सुपारी कातरणं हा माझा धंदा. नाकं, अंगठे आणि एक आख्खा शामियाना, हे वरकड काम.

मी जन्मलो जबलपुरात, गोहलपूरच्या एका भट्टीत. फौजी ट्रकची मोडकी कमानपट्टी होती. तिला लोहारानं लालबुंद केलं आणि घणानं असं बदडलं, असं बदडलं, की नर्मदेतले मासे घाबरून काठावर येऊन बसले. मी तरी काय कमी? पहिल्यांदा तोंड उघडलं आणि लोहाराचाच अंगठा धरला. “अरे, ये तो पैदाइशी गुंडा है!” असं म्हणून त्यानं मला त्याच दिवशी विकून टाकलं.

मला घेतलं वसुधाताईनं. ती शाळेत शिकवायची. आवाज सायीसारखा, पण सुपारी कातरायला बसली की दातओठ खायची. आमचं लगेच जमलं. तिचा धाकटा भाऊ अच्युत तोफांच्या कारखान्यात होता. नवी तोफ तयार झाली की चांदमारीवर नेऊन उडवून पाहायची, हे त्याचं काम. पासष्टची लढाई लागली आणि दिवसभर धडाम धडाम सुरू झालं. कानात कापूस कोंबायचा बिचारा, पण तोफेपुढे कापसाची काय बिशाद? डावा कान गेलाच. उजवा तपासून डॉक्टर म्हणाले, “ये भी जाएगा, भैया. दिवाली तक समझो.”

आता, या दोघा भावंडांना मैनाबाईंच्या गाण्याचं वेड. लहानपणी शेजारच्या खिडकीखाली उभं राहून रेडिओवर त्यांना ऐकायचे. शेजारी वरून पाणी फेकायचा, तरी हलायचे नाहीत. पण बाईंना समोर बसून कधी ऐकलं नव्हतं. आणि अचानक खबर आली, जवानांच्या मदतीसाठी मैनाबाई छावणीतल्या सदर बाजारात गाणार. ब्लॅकआउट होता म्हणून जलसा भर दुपारी.

“ताई, एवढं ऐकून घेऊ दे,” अच्युत म्हणाला. “मग कान गेला तर जाऊ दे.”

“असं बोलू नको रे,” ताई म्हणाली आणि मला कमरेला खोचलं. बाईंना आपल्या हातचा विडा द्यायचा होता तिला.

शामियान्यात एकीकडे तोफवाले बसले, दुसरीकडे बाजूच्या कारखान्यातले गोळेवाले. दोघांचं आधीपासून वाकडं. तोफवाले म्हणायचे, आमच्याशिवाय तुमचा गोळा म्हणजे नुसता लोखंडी नारळ. अच्युतच्या नेमके पुढे बसले गोळेवाल्यांचे फोरमन बाबाराव. देह केवढा म्हणाल, तर त्यांच्या सावलीत एक टांगा उभा राहायचा, घोड्यासकट. वर फेटा.

मैनाबाईंनी पहिला सूर लावला. सगळे चूप. अच्युत ताईच्या कानाशी वाकला आणि त्याच्या मते कुजबुजला. पण बहिऱ्या माणसाची कुजबुज ती! सगळ्या सदरला ऐकू गेली.

“ताई, हा म्हशीएवढा माणूस फेटा बांधून काहून आला? बाईंचं तोंडच दिसून नाही राहिलं!”

बाबाराव वळले. “कोणाला म्हैस म्हटलं बे?”

अच्युतला ऐकूच आलं नाही. त्यानं हसून हात जोडले. बाबारावांना वाटलं, हा वरून आपली मजा घेतो. दिली त्यांनी एक ठेवून. ओठ फुटला, सदरा लाल झाला. “आमच्या माणसाला मारतो?” म्हणून तोफवाले उठले, गोळेवाले तर उठायची वाटच पाहून राहिले होते. मग काय सांगू! खुर्च्या उडाल्या, डोकी फुटली. कोणाची तरी कवळी उडून तानपुऱ्यात पडली आणि तानपुरा खोकायला लागला. तबलजी तबला डोक्यावर घालून पळाला. माइक चौघांच्या पायाखाली मेला.

अच्युत खाली पडला होता आणि वरून लाथा बसत होत्या. तो एका हातानं फक्त उजवा कान झाकून होता. तोंड नाही, पोट नाही, नुसता कान.

ते पाहिलं आणि ताईनं मला उपसलं. पहिला घास बाबारावांच्या नाकाचा! “आई गं!” ते असे ओरडले की फेटा आपोआप सुटला. मग एक अंगठा, दोन कोपरं, एक अशी जागा जी मुलांपुढे सांगत नाहीत. मी चावत होतो, ताई भावाला ओढत होती. दोघं कशीबशी मंचावर चढली. मागून सगळी झुंड आली. शामियान्याचा मोठा दोर तिथेच मंचाला बांधला होता. ताईनं तो माझ्या तोंडात दिला. मी दात आवळले. कट्!

सगळा शामियाना भांडणाऱ्यांच्या अंगावर बसला.

मैनाबाई अच्युतसमोर चप्पल हातात घेऊन उभ्या होत्या. “ये आदमी है कि तोप? चिल्लाता काहे को है?”

“बाईजी, बहरा हो रहा है,” ताई धापा टाकत म्हणाली. “तोप के पास काम करता है. एक कान बचा है, वो भी दिवाली तक. आपको सुनने आया था.”

बाईंच्या हातातली चप्पल खाली आली.

“कौन-सा कान?”

ताईनं दाखवला. बाईंनी अच्युतला समोर बसवलं, त्याचं रक्ताळलेलं डोकं दोन्ही हातांत धरलं, कानाला तोंड लावलं आणि गायल्या. कापडाखाली “हाय मेरी कमर” चालूच होतं, म्हणून दुसऱ्या कोणाला एक सूरही ऐकू आला नाही. हातभर अंतरावरच्या ताईलाही नाही. अच्युतनं डोळे मिटले होते. वाहवासुद्धा केली नाही त्यानं.

रिक्षात ताई म्हणाली, “काय गायल्या रे? मलाही तर ऐकायचं होतं!”

“सांगतो!” तो ओरडला. पण सांगितलं नाही. ओठावर सूज होती.

दिवाळी आली. सकाळपासून गल्लीत सुतळी बाँब फुटत होते, खिडक्या थरथरत होत्या. अच्युत चहा घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, “ताई, आज पोरं फटाके काहून नाही उडवून राहिले?”

ताईच्या हातात मी होतो, माझ्या तोंडात सुपारी. ती तशीच राहिली.

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजला. कप खाली ठेवला. मग तिच्याजवळ बसला, तिचं डोकं हातांत धरलं, तिच्या कानाला तोंड लावलं आणि मैनाबाईंचं गाणं गायला. काय सांगू, मित्रांनो, इतकं बेसूर की अंगणातलं कुत्रं पार बरगी गावापर्यंत पळालं, असं म्हणतात. ताई डोळे मिटून, मान डोलवत ऐकत राहिली.

अजून दर दिवाळीला तो गातो. तुम्ही तिकडे कधी गेलात तर हसू नका, एकमेकांना कोपर मारू नका. त्याला ऐकू येत नाही, पण तुमची तोंडं दिसतात. चुपचाप बसा आणि मान हलवा. सम आली नाही तरी हलवा.