वहीत न लिहिलेला कूलर

मे महिन्यात माझ्या सौर सेलनं पडलेल्या उजेडातला अठरा टक्के विजेत बदलला, तेव्हा प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. जानेवारीत तीच कृती, तीच रसायनं, तेच माझे हात, आणि आकडा तेरा! एकदा नाही, सलग चौदा वेळा.

सरांनी निक्षून सांगितलं, "दुसऱ्याच्या हातून तोच आकडा आल्याशिवाय शोधनिबंध जाणार नाही." त्यावर शेजारच्या टेबलावरचा सुशील सगळ्यांदेखत म्हणाला, "मिनल, मेमधला आकडा तू घरूनच लिहून आणला होता का वं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं इथे हाडं झिजवली, आणि हा मला खोटारडी ठरवतो!

दुपारी हीटरजवळ बसून जुनी वही चाळली. तापमान, वेळ, द्रावणाचं वजन, सगळं होतं. काहीच सापडेना, रडू यायच्या बेतात होतं. शिपाई ताराचंदभाऊ चहा ठेवत म्हणाले, "थंडीत मले आराम हाय, म्याडम. उन्हाळ्यात तुमच्या कूलरात पाणी भरू भरू कंबर मोडते."

मी ताडकन उठले. कूलर! नागपुरात मे महिन्यात कूलर चालू होता, हे कोण लिहून ठेवतं? श्वास घेतला असं लिहितो का आपण? पण त्याची दमट हवा थेट माझ्या टेबलावर यायची, आणि सेलचा ओला थर त्याच हवेत वाळायचा. आता हीटरनं खोली कोरडी ठणठणीत झाली होती.

"भाऊ, कूलर काढा!"

"जानेवारीत? काहून? तब्येत बरी हाय ना?"

कूलर खिडकीत बसला, हीटर बंद झाला, भिंतीवरचा आर्द्रतेचा काटा वीसवरून पन्नासवर चढला. "सेल तू बनव," मी सुशीलला बजावलं. "मी बोटही लावणार नाही." स्वेटर, मफलर, वर सरांची शाल घेऊन तो कुडकुडत बसला. त्यानं दहा सेल केले.

दुसऱ्या दिवशी दिव्याखाली एकेक मोजला. सतरा पूर्णांक आठ. अठरा. पुन्हा अठरा! नऊ झाले, एकही सतराच्या खाली नाही. दहावा ठेवला आणि सुशील आकड्याकडे बघतच राहिला.

"अठरा पूर्णांक सहा," तो हळूच म्हणाला. "मिनल, हा तर तुझ्यापेक्षाही जास्त आहे."

त्यानं माझा आकडा मोडला होता, आणि मी वेड्यासारखी उड्या मारत होते.