कोऱ्या टॉवेलाचा आजार

टेंभुर्णीच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी गर्दी लग्नाला लाजवील अशी होती. नवऱ्या मुलाच्या लाल मखमली खुर्चीत शुद्धनाथ महाराज बसले होते. पुढ्यात केशरी तीर्थाचा गडवा, बाजूला पितळी हंडा आणि प्रसादाच्या भाताचं पातेलं. एक बाई वर गेली. तिनं घरून आणलेला कोरा पांढरा टॉवेल महाराजांनी तिच्या मनगटाला गुंडाळला, वर तीर्थाची धार धरली आणि बघता बघता टॉवेल काळानिळा पडला.

"रक्तातलं विष कसं वर आलं बघा," महाराज म्हणाले. "आजाराचं नाव मी विचारत न्हाय. नाव माणसं विचारत्यात. देव फकस्त डाग बघतो."

मंडपभर हात जोडले गेले. नाव न विचारणारा देव कुणाला नको असतो?

तिसऱ्या रांगेतल्या यशोदाबाईंनी मात्र हात जोडले नाहीत. सोलापुरात सात रस्त्याजवळ त्यांचं चादरी-टॉवेलांचं दुकान. अशा बाईला माणसाचा चेहरा मागाहून दिसतो, आधी कापड दिसतं. डाग बघायला देवाला कोराच टॉवेल का लागतो, ही शंका त्यांना सकाळपासून कुरतडत होती.

शेजारी हिंदुराव बसले होते. मूळचे वैरागचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. वीसेक वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्यांच्या रांगेत दोघांची ओळख झाली. तेव्हा दोघांनीही पन्नाशीची आशा सोडली होती. आता यशोदाबाईंनी साठी ओलांडली होती आणि हिंदुराव पासष्टीच्या पुढं गेले होते.

हिंदुरावांचा टॉवेल महिन्यापूर्वी काळा झाला होता. मग महाराजांचं चूर्ण झालं, उपास झाले. आज दुसरी खेप. ह्या खेपेला कापड महाराजांच्या पेटीतलं असे, सोवळं. ते काळं पडलं नाही की माणूस शुद्ध झाला. मग त्यानं आपल्या गोळ्या हंड्यात टाकायच्या आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढायची नाही. हिंदुरावांच्या मांडीवर गोळ्यांची पिशवी तयार होती.

"दादा, अजून बी इचार करा," यशोदाबाई हळूच म्हणाल्या.

"काय इचार करायचा, ताई? गुडघं धरल्यात. जिना चढलं की धाप लागती. महाराज म्हणले, ही समदी गोळ्यांची उष्णता. आन् दवाखान्यातच सांगितलं न्हवं, तपासणीत विषाणू सापडत न्हाय म्हणून? मग गोळी कशाला?"

"दारात कुत्रं हाय म्हणून चोर येत न्हाय. चोर येत न्हाय म्हणून कुत्रं सोडून देता व्हय?"

हिंदुरावांनी पिशवीची गाठ घट्ट केली. त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले, तशा यशोदाबाईही काखेतली पिशवी सावरत मागोमाग वर गेल्या.

महाराजांनी पेटीतला पंचा काढला. यशोदाबाईंनी पाया पडायच्या निमित्तानं तो चिमटीत धरून पाहिला. दहा धुण्यांचा मऊ. तीर्थाच्या गडव्याला कापराचा वास होता, पण कापराखाली आणखी एक वास होता आणि तो त्यांच्या चांगला ओळखीचा होता. एकदा दुकानात कात्री लागून बोट कापलं, तेव्हा टिंक्चर आयोडीनची बाटली गल्ल्यावर लवंडली होती. कोरे टॉवेल काळे पडले होते. त्यांचा धुतलेला रुमाल नुसता पिवळा झाला होता. इकडे हिंदुरावांच्या मनगटावरचा पंचाही तीर्थाची धार पडून नुसता पिवळसर झाला आणि ते पिशवी घेऊन हंड्याकडे वळले.

"महाराज, माजं बी एक कापड बघा की," म्हणत त्यांनी पिशवीतून कोरा टॉवेल काढला, मखमली खुर्चीच्या हाताला गुंडाळला आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यावर गडवा कलता केला.

टॉवेल काळानिळा झाला.

"खुर्चीला बी आजार हाय वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"पाप्यांचा हात लागला आसंल खुर्चीला," महाराज म्हणाले.

"मग प्रसादाला कुणाचा लागलाय, बघू?" यशोदाबाईंनी शेजारच्या पातेल्यातला मूठभर भात घेतला आणि गडव्यात उरलेलं तीर्थ त्यावर ओतलं. पांढरा भात शाईत बुडवल्यासारखा झाला. "कोऱ्या कापडाला खळ असती. खळ म्हंजी पीठ. पिठावर आयोडीन पडलं की काळं होतं. धुतल्यावर खळ जाती, मग काळं होत न्हाय. ह्यांचा पंचा धुतलेला हाय, हात लावून बघा."

महाराजांचा आवाज चढला. "ही दुकानदारीण. हिला काय ठावं त्या आजाराचं?"

यशोदाबाईंनी एकदा समोर पाहिलं. दोन ओळखीची गिऱ्हाइकं दिसली. उद्या सात रस्त्यावर काय बोललं जाईल, हेही दिसलं.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मला एचआयव्ही हाय. वीस वर्सं रोज गोळी घेते. नवरा बिनगोळीचा गेला, मी म्हातारी झाले. साखर, बीपी, हाडं, समदं दवाखान्यात तपासून घेते आन् सकाळी पार्कावर चालते. गुडघं माजं बी दुखत्यात. वयानं दुखत्यात. इतकं वय होईल आसं वाटलं व्हतं का कुणाला?"

हिंदुराव हंड्यापाशी उभे होते. पिशवी धरलेला हात हंड्यावर आला होता, तो तिथेच थांबला. मग त्यांनी वाकून हंड्यात पाहिलं. आत पुष्कळ डब्या होत्या. साखरेच्या, बीपीच्या, त्यांच्या स्वतःच्या पिशवीत होती तशाही.

"ह्या कुणाच्या हायत?" त्यांनी वळून विचारलं. "उचला. आन् उद्या दवाखान्यात जाऊन किती दिस गोळी चुकली ते सांगा. लपवू नगा."

आधी कुणी उठलं नाही. मग मघाशीच शुद्ध ठरलेली एक बाई उठली आणि तिनं आपली डबी उचलली.

परतीच्या एसटीत मोहोळ मागं पडल्यावर हिंदुराव मांडीवरची गोळ्यांची पिशवी सावरत म्हणाले, "ताई, गुडघ्याचं काय करायचं?"

"डॉक्टरला दाखवायचं. सांगतील तो व्यायाम करायचा. आन् कुरकुरायचं. म्हातारी माणसं कुरकुरत्यातच की."

महाराज अजून कुठंतरी मंडप टाकून बसलेच असतील. टॉवेल नसेल, नारळ असेल, लिंबू असेल. तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं: चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारावं, हेच तीर्थ भातावर ओतू का? जो ओतू देणार नाही, त्याच्या हंड्यात आपली गोळी टाकू नये.