बाळाची खुर्ची किती घट्ट?

गाठवाल्यांनी खुर्ची तिसऱ्यांदा आवळली, वरच्या कडेला धरून हिसडा दिला, आणि ती तिसऱ्यांदा हलली.

"हिच्या!" ते पुटपुटले. गाडीच्या मागच्या सीटवर एक गुडघा, एक पाय बाहेर लोंबतोय, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचं सामान एका घरातून दुसऱ्या घरात पोचवलं होतं. कपाटं, आरसे, एकदा तर चौथ्या मजल्यावरून अख्खा पियानो. बांधून झालं की कपाटाच्या वरच्या कोपऱ्याला धरून हिसडा द्यायचा, कोपरा जरासुद्धा हलला तर दोर सोडून नव्याने बांधायचा, हा त्यांचा नेम. त्यांच्या ट्रकमधला एक आरसा कधी तडकला नाही. धंद्यात सगळे त्यांना गाठवालेच म्हणत, आणि निवृत्त झाल्यावर चिडली की बायकोही.

आणि आता ही एवढीशी खुर्ची त्यांना जुमानत नव्हती.

लेक नऊ दिवस हॉस्पिटलात होती. बाळ तीन आठवडे आधीच आलं, म्हणून ठेवून घेतलं होतं. आज सोडणार होते, पण एका अटीवर. खाली गाडीपाशी सिस्टर येऊन खुर्ची तपासणार, मगच कागदावर सही. तो कागद पाहूनच डॉक्टर सुट्टी देणार, आणि ते बाराला निघून जातात. तोवर सही झाली नाही तर आणखी एक दिवस तिथेच. काल फोनवर लेक म्हणाली होती, "बाबा, मला आता माझ्या उशीवर झोपायचंय हो," आणि फोन ठेवून दिला होता.

"अहो," बायको हळूच म्हणाली. ती बाहेर उभी राहून खुर्चीबरोबर आलेलं पुस्तक वाचत होती, ओळीवर बोट ठेवून. "यात चित्र आहे. इथे धरून बघा म्हणतात, पट्टा जातो त्या खाचेपाशी."

"पुस्तक लिहिणाऱ्याने कधी कपाट उचललंय?"

"ते नाही लिहिलेलं," बायको म्हणाली, आणि तिने पान उलटलं.

गाठवाल्यांनी डिकी उघडून आपला जुना सुती दोर काढला. खुर्चीचं तोंड मागे होतं, म्हणजे बाळाचं डोकं येतं ती बाजू पुढच्या सीटकडे. ती बाजू त्यांनी पुढच्या सीटच्या पाठीला दोन वेढे देऊन जखडली. मग सगळं वजन गुडघ्यावर टाकून पट्टा पुन्हा एकदा खेचला. हिसडा दिला. हूं की चूं नाही.

"बघ!" ते घामाघूम होऊन म्हणाले.

अकराच्या सुमाराला सिस्टर आल्या. मागून लेक, तिच्या हातात दुपट्यातलं बाळ. सिस्टर वाकल्या, दोराकडे पाहिलं, मग गाठवाल्यांकडे.

"हा दोर पुस्तकात आहे का, काका?"

"पुस्तकात नाही. अनुभवात आहे."

सिस्टर हसल्या, पण थांबल्या नाहीत. त्यांनी खुर्चीच्या कडेची छोटी काचेची नळी दाखवली. तिच्यातला बुडबुडा रेषांच्या मध्ये असायला हवा होता. तो एका टोकाला जाऊन बसला होता.

"पायाकडची बाजू तुम्ही इतकी दाबलीत की डोक्याकडची वर उचलली गेली. पाठ उभी झाली. काय होतं ते दाखवते. ताई, द्या बाळ."

बाळाला ठेवलं. क्षणभर ते नीट होतं. मग त्याचं डोकं आपसूक पुढे कलंडलं, हनुवटी छातीला टेकली आणि श्वासाबरोबर एक बारीक घरघर ऐकू आली. सिस्टरांचे हात तिथेच होते, त्यांनी बाळाला लगेच उचललं. घरघर थांबली.

लेकीने ओठ दाताखाली दाबला. गाठवाल्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं, मग घाई न करता दोराची गाठ सोडली. एरवी एका झटक्यात सुटणारी ती गाठ सुटायला वेळ लागला.

"आता पट्टाही सोडा," सिस्टर म्हणाल्या. "गुडघा नको. एका हाताने खुर्ची दाबा, दुसऱ्याने पट्ट्याचा ढिलेपणा काढा. बुडबुडा मध्ये राहील एवढंच. बास, बास! लॉक करा. आता डाव्या हाताने धरा."

"डाव्या का? माझा उजवा चांगला आहे."

"म्हणूनच. उजव्याने तुम्ही गाडीच हलवाल. हात मिळवताना जेवढा जोर लावतो, तेवढाच. आणि पट्ट्याच्या खाचेपाशी."

त्यांनी हलवली. इकडे, तिकडे, पुढे, मागे. खुर्ची जेमतेम सरकली. बायकोने मधे आपला अंगठा धरला. "पेरापेक्षा कमी आहे हो."

"एक इंचापेक्षा कमी म्हणजे झालं," सिस्टर म्हणाल्या.

गाठवाल्यांचा डावा हात मात्र सवयीने वरच्या कडेकडे गेला. ती डुलली. त्यांनी खाचेपाशी धरली, जागची हलेना. वर धरलं, डुलली. पुन्हा खाच. पुन्हा वर. हातात नवं खेळणं आलेल्या पोरासारखं त्यांचं चाललं होतं.

"अहो, बारा वाजतील," बायको म्हणाली.

"थांब गं. पायाशी गच्च आणि डोक्याशी मोकळी, हे कसं? सिस्टर, मग कपाटं बांधताना मी चाळीस वर्षं चुकलोच म्हणायचं?"

"छे! कपाट तसंच बांधायचं. पण कपाटाला मान नसते, काका. गाडीला धक्का बसला की ही वरची बाजू थोडी झुकते, थोडा धक्का स्वतः सोसते. जखडून टाकलीत तर तो कुठे जाणार?"

गाठवाले विचारात पडले. आपल्या मानेमागे त्यांनी हात ठेवला आणि डोकं हळूच पुढेमागे करून पाहिलं.

बाळाला पुन्हा ठेवलं. या वेळी डोकं मागे टेकून राहिलं. श्वासाचा आवाजच नव्हता, लेकीने वाकून छातीचं वरखाली होणं पाहिलं. पावणेबारा वाजले होते. सिस्टरांनी पेनचं टोपण काढलं.

"एक मिनिट," लेक म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून वजन करायला मीच आणणार आहे हिला. माझ्या गाडीतून. तेव्हा बसवणार कोण?"

"मी आहे की," गाठवाले म्हणाले.

"दर आठवड्याला? सकाळी सात वाजता?"

"आता झालंय नीट. सही होऊ दे. घरी गेल्यावर शिकवतो तुला."

"घरी सिस्टर नसतील, बाबा."

गाठवाल्यांनी घड्याळ पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं. मग बाळाला अलगद उचलून बायकोच्या हातात दिलं आणि एवढा खटाटोप करून जमलेल्या पट्ट्याचं लाल बटण स्वतःच दाबलं. पट्टा सुर्रकन आत गेला.

"हं. कर."

लेक सावकाश बसली. पोटावर ताण येऊ नये म्हणून तिने आधी कोपर टेकवलं. पट्टा खाचेतून घातला, बकल लावलं, एका हाताने दाबलं, दुसऱ्याने ओढलं. गाठवाल्यांचे हात दोनदा पुढे आले, आणि दोन्ही वेळा त्यांनी ते पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले. पहिल्यांदा खुर्ची दोन बोटं सरकली. लेकीने पुन्हा दाबलं, पुन्हा ओढलं, बुडबुडा पाहिला आणि लॉक केलं.

सिस्टरांनी तपासलं, बॉनेटवर कागद ठेवून सही ठोकली आणि तो घेऊन त्या लगबगीने डॉक्टरांकडे गेल्या.

बाळ जागेवर गेलं. गाठवाले दारापाशी घुटमळले, मग बायकोला म्हणाले, "तू बघ एकदा."

तिने डावा हात खाचेपाशी नेला. "नाही हलत."

"आणि वरून?"

"वरून हलतेय थोडी."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि गाडीची किल्ली शोधायला खिसे चाचपू लागले.