पॉलिश केलेल्या फळ्या

लेकीच्या घरी सुतारबाबांना कशाचीही कमी नव्हती, आणि नेमकं तेच त्यांना खुपत होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर लेक त्यांना घेऊन आली ती "आता इथेच राहायचं" असं बजावूनच. खोली उन्हाची होती, पलंग मऊ होता, दूध वेळेवर मिळत होतं. पण जावई इतका नम्र, इतका नम्र, की माणसाला वाटावं, आपण उद्या सकाळी परत जाणारे पाहुणे आहोत. बाबांनी कप उचलला की "असू द्या बाबा, मी ठेवतो." खुर्ची सरकवली की "तुम्ही बसा बाबा, मी करतो." जन्मभर हातांच्या जोरावर जगलेल्या माणसाला दिवसभर बसवून ठेवायचं म्हणजे शिक्षाच की ती.

जावई औषधांच्या दुकानात कामाला होता. गोळी जेवणाआधी की नंतर हे लोकांना समजावून सांगता सांगता त्याचा आवाजच मऊ पडला होता. बायकोशी मात्र त्याचे चांगले खटके उडत. ओल्या टॉवेलवरून, उघड्या राहिलेल्या नळावरून, चावी कुठे ठेवली यावरून. भिंतीपलीकडून ती भांडणं ऐकताना बाबांना चक्क हेवा वाटे. आपल्याशी इथे कुणी भांडत नाही, म्हणजे आपण इथले नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. गुडघा आता साथ देत होता. तेव्हा जाऊन आपल्या बंद घराचं कुलूप काढावं हे बरं. लेकीला सांगायचं तेवढं राहिलं होतं. रविवारी सकाळी त्यांनी "ऐक ना, तुला जरा सांगायचं होतं," अशी सुरुवातही केली, पण तेवढ्यात दूध उतू गेलं आणि बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कारण खरं सांगायचं तर जायचं कुणाला होतं?

त्या रविवारी जावयाच्या गाडीचं ऑइल बदलायचं होतं. गाडी हा त्या गरीब स्वभावाच्या माणसाचा एकुलता एक शौक. स्प्रिंगा बदलून त्याने ती पार जमिनीला टेकवली होती. रस्त्यात गतिरोधक दिसला की लेक डोळे मिटून घ्यायची. "मी गाडीत बसत नाही, गाडी अंगात घालते," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. एवढ्या बुटक्या गाडीखाली जॅकही शिरत नाही. आधी पुढची चाकं फळ्यांवर चढवून गाडी जराशी उंच करायची, मग जॅक आत सारायचा. जुन्या फळ्या भेगाळल्या होत्या, हे जावई आठवड्यापूर्वी सहज बोलून गेला आणि बाबांचे कान टवकारले.

"मी करतो फळ्या."

"कशाला त्रास बाबा? विकत मिळतात."

"जावईबापू, मी जिवंत असताना या घरात फळी विकत येणार?"

लेकीने नवऱ्याला डोळ्यांनीच दटावलं.

मग आठवडाभर मागच्या अंगणात रंध्याचा आवाज घुमला. बाबांनी जाड फळ्या एकावर एक चढवून दोन उतरत्या पायऱ्या केल्या. मागच्या चाकांना लावायला पाचरी केल्या. जॅकच्या डोक्यावर ठेवायला सागाचा ठोकळा केला. इथे थांबले असते तर सगळं ठीक होतं. पण कोरं लाकूड त्यांनी आयुष्यात कुणाच्या हाती दिलं नव्हतं. त्यांनी सगळ्याला काचपेपर मारला आणि वरून पॉलिश चढवलं, तेही असं की वाकून पाहिलं तर मिशी दिसावी. जावयाने फळ्या बघितल्या, तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "वा बाबा."

रविवारी इंजीन कोमट व्हावं म्हणून जावई एक फेरी मारून आला आणि गाडी फळ्यांवर घेऊ लागला. चाक टेकलं मात्र, दोन्ही फळ्या साबण लावल्यासारख्या सटकल्या आणि बंपरची खालची कड फळीवर करकरत घासली. जावई उतरला. ओरखड्यावरून त्याने बोट फिरवलं आणि हसून म्हणाला, "असू द्या बाबा. काही झालं नाही."

त्यापेक्षा त्याने तोंडात मारली असती तर परवडलं असतं. बाबा कानस घेऊन बसले आणि आठवडाभराचं पॉलिश त्यांनी खरवडून काढलं. जिवावर आलं होतं, पण काढलं. मग दारातलं रबरी पायपुसणं उचलून त्याच्या पट्ट्या कापल्या आणि फळ्यांना वरून-खालून ठोकल्या.

"बाबा, ते नवं होतं!" लेक खिडकीतून ओरडली.

"चांगलंच आहे, म्हणून तर घेतलं," बाबा म्हणाले.

या खेपेला गाडी शहाण्यासारखी वर चढली. जावयाने हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, मागच्या चाकांना पाचरी दाबून बसवल्या. जॅक आत सारून, ठोकळा ठेवून, दांडा हळूहळू मारत त्याने गाडीचं नाक वर उचललं. "मी स्टँड घेऊन येतो," तो म्हणाला. "तुम्ही बसा बाबा."

बाबा बसले. बसल्या बसल्या त्यांची नजर जॅककडे गेली आणि त्यांना दिसलं की ठोकळा जरासा तिरका बसलाय. परक्या माणसाचं काम असतं तर त्यांनी हाक मारली असती. पण ठोकळा त्यांचा होता. हात शिवशिवायला लागले. ते अंगणातच आडवे झाले, ऑपरेशनचा गुडघा सांभाळत सरकले आणि खांद्यापर्यंत गाडीखाली गेले.

"बाहेर या!"

असा आवाज या घरात बाबांनी कधी ऐकला नव्हता. काय होतंय हे कळायच्या आत कुणीतरी त्यांचे घोटे धरले आणि पोतं ओढावं तसं त्यांना बाहेर ओढलं. वर जावई उभा होता. चेहरा पांढराफटक, बाजूला फेकलेले स्टँड अजून डगमगत होते.

"अक्कल गहाण टाकलीय का? नुसत्या जॅकवर उभी आहे गाडी! जरा घसरला असता तर छातीवर आली असती! जॅक उचलायला असतो, धरायला स्टँड असतात. स्टँड लावल्याशिवाय बोटसुद्धा खाली घालायचं नाही!"

"मला कुणी सांगितलं होतं?"

"नाही सांगितलं! माझंच चुकलं! फळ्या गुळगुळीत झाल्यात हे पण दिसत होतं मला, पण तुमचं मन मोडेल म्हणून तोंड शिवून बसलो. बंपर गेला, गेला. आणि हा गुडघा? डॉक्टरने जमिनीवर बसू नका म्हटलंय, तर हे आडवे झालेत! कुणाचं म्हणून ऐकायचं नाही! काही झालं असतं तर?"

लेक ओल्या हातांनी धावत आली. "अरे, काय झालं? माझ्या बाबांना काही लागलं का?"

"तुझे बाबा, तुझे बाबा! तुझं राहू दे जरा बाजूला," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मध्येच फुटला. "मी काय केलं असतं?"

मग जावयाचे कान लाल झाले. त्याने केसांवरून हात फिरवला. "माफ करा बाबा," तो म्हणाला, अगदी दुकानातल्या आवाजात. "मी भलतंच बोललो. तुम्ही आत जाऊन बसा, मी..."

गाडीखाली असताना वाटली नव्हती एवढी भीती बाबांना आत्ता वाटली.

"खबरदार माफी मागितलीस तर!" ते गरजले. "एवढं छान चाललं होतं तुझं! आणि ठोकळा तिरका लावला होतास, ते नाही सांगितलंस बायकोला? सुताराबरोबर राहतोस, लाज नाही वाटत? उतरव ती गाडी, परत लाव!"

"एवढासा तिरका होता!"

"एवढासा काय? एवढासा असतो म्हणून तर सरकतो!"

"तुम्ही दोघं ऑइल बदलणार आहात की..." लेकीने विचारलं.

"तू मध्ये बोलू नकोस!" दोघंही एकदम म्हणाले.

गाडी उतरली, ठोकळा सरळ बसला, गाडी पुन्हा वर गेली. या वेळी आधी स्टँड लागले, आणि जावयाच्या सांगण्यावरून दोघांनी दोन बाजूंनी खांदा लावून गाडी हलवून बघितली. ती जागची हलली नाही. मग जावई खाली शिरला. काळं तेल धार धरून परातीत पडू लागलं. बाबा स्टुलावर बसून पाने पुढे करत होते आणि चुकीचा पाना दिला की बोलणी खात होते.

लेक वडिलांशेजारी येऊन उभी राहिली. "सकाळी काहीतरी सांगत होतात ना बाबा?"

"हो," बाबा म्हणाले. "माझं ते घर कुणाला तरी राहायला देऊन टाकू. बंद राहिलं की दारांना वाळवी लागते."

लेकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, फिल्टरचा पाना!" गाडीखालून आवाज आला. "किती वेळ हात पसरून पडू? झोप लागली का?"

"आलो रे, ओरडू नकोस!" बाबा म्हणाले. पाना त्यांच्या हातातच होता. पण अजून थोडं ओरडून घेऊ दे त्याला, म्हणून ते जरा सावकाशच उठले.