आबा कानात

सोमा बोलायला लागला आणि आमच्या आखाड्यावर करमणुकीला दुसरं काही लागेनासं झालं. आखाडा म्हणजे आमचं शेतातलं घर, शिरड शहापूरच्या अलीकडे, कॅनॉलच्या अगदी काठाला. रेडिओतले सेल कायम संपलेले. मी दहावीत इंग्रजीला आडवी झालेली, लग्न जमायची वाट बघत घरी बसलेली. आणि माझ्या माणिकदादाचं हे पोरगं असं, की तोंड उघडलं की नवा शब्द. चप्पलला पच्चल. टमाटरला टरमाट. मोटारसायकलला मोसाटाकल. कुणी पाहुणा आला की मी त्याला पुढं उभा करायची आणि म्हणायची, "सोमेश्वरराव, बोला."

माझ्या वडिलांचं, आबांचं, नाव उकंडराव. त्यांच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून आजीनं त्यांना जन्मल्या जन्मल्या उकंड्यावर ठेवून परत उचललं होतं. उकिरड्यावर टाकलेलं पोर यम उचलत नाही, असा समज. सोमाला आबांचं नाव विचारलं की तो म्हणायचा, "उकडलाव." यावर सगळ्यात जास्त आबाच हसायचे. म्हणायचे, "लाव बाबा उकडाया. म्हातारा हाय, शिजायला टाइम लागंल."

मी एक वही सुरू केली होती. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे तारीख टाकून सोमाचा शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ. शाळेत कधी एवढं मन लावून लिहिलं नसेल.

आबांना फेफरं यायचं. वर्षातून दोनतीनदा, पण आलं की उभा माणूस आडवा. म्हणून त्यांनी कॅनॉलवर एकट्यानं जायचं नाही, असं मायनं बजावलेलं. पण आबा ऐकतात कुठले. शेवटी माय सोमालाच त्यांच्या बोटाला लावून द्यायची आणि म्हणायची, "सोमा, आबाकडं ध्यान ठेव." तीन फुटांचा राखणदार. आम्हाला त्याचीही गंमत वाटायची.

१९९३ची संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. गव्हासाठी पाण्याची पाळी सुटलेली, कॅनॉल भरून चाललेला. दादा लांबच्या वावरात पाणी धरून होता. माय गावात हळदीकुंकवाला गेलेली. घरी मी आणि चंदावहिनी. दुपारी तीनच्या सुमाराला सोमा एकटाच आला. पायात एकच पच्चल.

"आबा कुठायत रं?" मी विचारलं.

"आबा कानात," सोमा म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. त्यानं परत सांगितलं, "आबा कानात. आबा जोजो."

मी जी हसले, की वहिनी चुलीपुढून हात पुसत बाहेर आली. मी म्हटलं, "वहिनी, ऐका, आबा कानात जाऊन झोपलेत." वहिनी त्याच्यासमोर बसली. "कान कुठाय, सोमा? दाव बरं." त्या महिन्यात आम्ही त्याला नाक, कान, डोळे शिकवत होतो. कुणी विचारलं की दाखवायचं, हे त्याला पक्कं पाठ. लेकरानं इमानदारीत आपला कान धरून दाखवला.

"मंग येवढे मोठे आबा मावले कसे त्यात?" वहिनीनं विचारलं.

कानावरचा हात न काढता तो रडायला लागला. आम्हाला वाटलं, झोपेला आलाय. वहिनीनं त्याला गुळाचा खडा दिला आणि झोक्यात घातलं. आणि मी? मी आत जाऊन वही काढली. तारीख टाकली. डावीकडे लिहिलं, "आबा कानात, आबा जोजो." उजवीकडे काय लिहावं, ते सुचेना. पेन तोंडात धरून मी अर्थ शोधत बसले.

अर्ध्या तासानं दादा आला. त्यानं दारातूनच विचारलं, "आबा क्यानलात गेलेत काय?"

तो शब्द त्याच्या तोंडून आला आणि माझ्या तोंडातलं पेन पडलं. क्यानलात. लेकराला एवढा मोठा शब्द कुठून जमणार. त्यानं जमेल तेवढा सांगितला होता, दोनदा सांगितला होता.

आबा कॅनॉलमधून फुटणाऱ्या चारीच्या गेटाला अडकले होते, पालथे, कमरेएवढ्या पाण्यात. काठावर सोमाची दुसरी चप्पल. शेजारच्या वावरातले सोनाजीकाका दादाबरोबर पाण्यात उतरले होते. वर येऊन ते एवढंच म्हणाले, "आंग आजूक ऊन हाय." त्यांनी सहज सांगितलं. मी मात्र ते वाक्य त्या दिवसापासून रोज ऐकते.

लोक जमले, तेव्हा कुणीतरी विचारलंच, "लेकरू तर संगच ऱ्हायचं ना त्यांच्या? ते कुठं व्हतं?"

"झोपलेलं," वहिनी म्हणाली. खोटंही म्हणता येईना, झोक्यात झोपलेलंच होतं ते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी कानावर हात ठेवले.

दहाव्यानंतर वहिनीनं मला गोठ्यात गाठलं. म्हणाली, "कमलबाई, लेकरानं सांगितलं अन् आपून हसलो, हे या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं न्हाई." बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं काय बोललो ते. दोघी तशाच उभ्या राहिलो. मग म्हणाली, "मोठं झाल्यावर लेकराला कळलं तर जन्मभर जळंल ते." मीही म्हटलं, व्हय. पण आज खरं सांगते, लेकराचं नुसतं निमित्त होतं. लपवायचं होतं ते आमचं हसणं.

सोमा त्या दिवसानंतर बोलेना. मायनं औंढ्याला नागनाथाच्या पायावर घातला, दृष्ट काढली, गंडा बांधला. दसऱ्यापर्यंत शब्द नाही. आणि बोलायला लागला तो एकदम स्वच्छ. चप्पल. टमाटर. मोटारसायकल. तीन वर्षांचं पोर मास्तरासारखं बोलायचं, आणि तेही विचारलं तरच. वही मी मायच्या लोखंडी पेटीत तळाला घातली. जाळणार होते, पण तिच्यात "उकडलाव" होतं. आबांचं तेवढंच हसणं शिल्लक राहिलं होतं.

पंच्याण्णवला माझं लग्न झालं, सासर आखाडा बाळापूर गाव. आखाड्यावरून सुटले आणि आखाडा बाळापुरात पडले, असं नवरा चिडवायचा. २००१ला प्रतिक्षा झाली. तिच्यासमोर मी कॅनॉल हा शब्द कधी येऊ दिला नाही. कालवा म्हणायचे. "सरकारी बाई," असं नवरा म्हणायचा. शेजारणी तिला बोलतं करायला लागल्या, "म्हण बाळ, परत म्हण," की मी लेकरू ओढून घरात न्यायची. खडूस म्हणून माझं नाव झालं. तिचे कान टोचले त्या दिवशी सोनारानं विचारलं, "कानात काय घालायचं?" मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. भरदुपारी तीन वाजले की अजून मला दारात कुणाची तरी चाहूल लागते. एकाच चपलेची.

२००४च्या जानेवारीत मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मला प्रतिक्षाला घेऊन आठ दिवस आखाड्यावर राहणं भाग पडलं. एरवी मी सकाळी येऊन संध्याकाळी परतायची. सोमा आता तेरा सरून चौदाव्यात होता. मिसरूड फुटायला आलेलं, आवाज फाटलेला. माय परसात निघाली की हा मागं. वहिनी धुणं घेऊन कॅनॉलवर गेली की हा मागं. काही बोलायचा नाही, काठावर उभा राहायचा.

"दुपारचं जरासं पडावं रं," मी म्हटलं.

"मी दिवसा झोपत न्हाई, आत्या."

तिसऱ्या दिवशी तो मायच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होता आणि माय, तिचं नेहमीचं, पडल्या पडल्या बोलत होती. "सारं बराबर व्हतं गं कमल. लेकरू रोज संग जायचं. त्या दिशीच तेवढी त्याला झोप लागली. जागा असता तर पळत येऊन सांगितलं असतं त्यानं." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. सोमानं बराबर दोन थेंब घातले, झाकण लावलं आणि तिच्या गालावर ओघळलेलं औषध पुसलं. त्याचा चेहरा काही हलला नाही. हे वाक्य त्यानं किती वेळा ऐकलं असेल, हे मला तेव्हा कळलं.

म्हणजे आम्ही जे लेकराला कळू नये म्हणून दडवलं, त्याच्या जागी दुसरंच त्याच्या पदरात पडलं होतं. राखणीला ठेवलं आणि झोपी गेलं. अकरा वर्षं हे पोर त्या झोपेची भरपाई करत होतं. मी त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं. धीर झाला नाही. भाजी निवडायला म्हणून उठून गेले.

सहाव्या दिवशी मायच्या डोळ्यासाठी मऊ फडकं पाहिजे होतं. वहिनीनं सोमाला पेटीत बघायला सांगितलं. बराच वेळ तो येईना. मग ओट्यावरून हसण्याचा आवाज आला. प्रतिक्षाचा एक, आणि दुसरा मला ओळखू येईना. बाहेर येऊन बघते तर सोमा हसत होता. मांडीवर प्रतिक्षा, हातात माझी वही.

"पच्चल," तो वाचायचा.

"पच्चल," ती म्हणायची आणि दोघं लोळायचे.

"आत्या, हे समदं मी म्हणायचो?" त्यानं विचारलं. एवढा मोकळा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. वही ओढून घ्यावी असं वाटलं. तो पानं उलटत राहिला. मग थांबला.

"इथं अर्थ लिहिला न्हाई," तो म्हणाला. "आबा कानात, आबा जोजो." त्यानं तारीख बघितली. मान वळवून आत भिंतीवरचा आबांचा फोटो बघितला. फोटोखाली तीच तारीख होती. "आत्या, त्या दिशी तर मी झोपलो व्हतो ना? मंग हे कवा म्हणलो?"

मी काही बोलायच्या आत प्रतिक्षा त्याच्या मांडीवरून उतरली. सहा दिवस तो तिला खांद्यावर बसवून रोज पाणी दाखवायला नेत होता, आणि मी जपून दूर ठेवलेला शब्द त्यानंच तिला शिकवला होता. तिनं त्याचं बोट धरलं आणि काठाकडे ओढलं.

"दादा, चल. कानात चल."

"क्यानलात म्हण," तो सवयीनं म्हणाला.

"कानात," ती म्हणाली.

सोमा तिच्याकडे बघत राहिला. मग वहीकडे. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. वहिनी चौकटीला धरून उभी होती. सोमाचा हात हळूहळू वर गेला आणि कानावर जाऊन थांबला. त्याला ते आठवत होतं की हाताला, कोण जाणे. मला मात्र समोर अडीच वर्षांचं लेकरू दिसत होतं.

"मी झोपलो नव्हतो?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मी सांगितलं व्हतं."

"व्हय," मी म्हटलं. "येऊन सांगितलं व्हतंस. दोनदा. आमाला कळलं न्हाई, सोमा. आमी हसलो." वहिनी मागून म्हणाली, "मीबी हसले." तिचा पदर तोंडावर होता.

मला वाटलं, आता तो ओरडेल. वही फेकेल, काहून दडवलं म्हणून विचारेल. त्याचा हक्क होता. त्यानं फक्त शर्टाच्या खिशातलं पेन काढलं. वही गुडघ्यावर ठेवली आणि रेघेच्या उजवीकडे, अकरा वर्षं कोऱ्या राहिलेल्या जागेत, त्याच्या त्या स्वच्छ अक्षरात लिहिलं: "आबा कॅनॉलमध्ये पडले आहेत." शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. वही माझ्या हातात दिली.

मग तो तिथेच, ओट्यावरच, हाताची उशी करून आडवा झाला. मला वाटलं, तोंड लपवतोय. जवळ जाऊन बघितलं तर गाढ झोप लागली होती. भरदुपार होती, ऊन त्याच्या पायावर आलेलं. प्रतिक्षानं आपली ओढणी म्हणून मिरवायची चिंधी त्याच्या पोटावर टाकली आणि तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं.

आतून मायनं हाक मारली. डोळ्यावर पट्टी, तिला काही दिसत नव्हतं. "कमल, लेकरू कुठंय गं? आवाज न्हाई त्याचा."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं.

"झोपलाय," मी म्हटलं.

आत गेले, मायच्या उशाशी बसले आणि तिचा हात धरला. म्हटलं, "माय, त्या दिशी नव्हता झोपला."