सत्तेचाळिसावा निबंध

प्राध्यापक निवृत्त झाले की त्यांच्या शोधनिबंधांच्या यादीची जाडजूड पुस्तिका काढायची आणि निरोपाच्या जेवणात ती पाहुण्यांना वाटायची, ही आम्हा जपानी वैद्यकीय विभागांची जुनी रीत. ती कोणी वाचत नाही. मी वाचते, कारण टंकते मीच. हृदयशस्त्रक्रिया विभागात एकोणीस वर्षं मी चिटणीस आहे, आणि ती सगळी त्सुकुदा सेन्सेईंच्या, म्हणजे आमच्या प्राध्यापकांच्या, हाताखाली गेली. येत्या मार्चअखेर ते निवृत्त होणार होते.

फेब्रुवारीत यादी पुरी झाली. तीनशे शहाऐंशी निबंध! विभागात कोणी काहीही लिहिलं की शेवटी सेन्सेईंचं नाव लागायचंच, त्यामुळे आकडा चांगलाच फुगलेला. शाबासकी मिळेल म्हणून मी कागद त्यांच्यापुढे ठेवले, तर ते पेन्सिल घेऊन फुल्या मारत सुटले.

"सेन्सेई, अहो, हे काय चाललंय?"

"यातलं मी स्वतः किती केलं, ते बघतोय."

उरले अकरा.

"अकरांची पुस्तिका नाही, चिठ्ठी होईल," मी म्हटलं.

"घाबरू नका, कुवाबारा-सान. छापा सगळे. फक्त या एकाखाली ओळ घाला." त्यांनी सत्तेचाळिसाव्यावर बोट ठेवलं. "लिहा की, या निबंधात ओरिहारांचं नाव पहिलं हवं होतं, चूक माझी."

शस्त्रक्रियेसाठी हृदय थांबवून शरीर गार केलं, तर मेंदू किती वेळ तग धरतो, यावरचा तो निबंध. पहिलं नाव सेन्सेईंचं, दुसरं ओरिहारा शुइची. मी नोकरीला लागण्याच्या सात वर्षं आधीचा.

"कल्पना त्याची. तो शल्यचिकित्सक नव्हता, प्रयोगशाळेतला संशोधक. मेंदूच्या पेशी डोळ्यांत तेल घालून मोजल्या त्याने. मी नुसतं हृदय थांबवलं. पण आमचे प्रमुख म्हणाले, विभाग शल्यचिकित्सकांचा, तर नाव शल्यचिकित्सकाचंच आधी. मी मान खाली घालून बसलो. महिन्याभरात तो सोडून गेला."

"मग पुढे कधी बोलणं झालं?"

"नाही. पण नववर्षाचं कार्ड यायचं त्याचं. एकच ओळ, 'प्रकृतीला जपा.' दोन वर्षं तेही बंद आहे. कंटाळला असेल. वाट तरी किती बघायची माणसाने?" ते उगाच हसले. "पहिली प्रत त्याला धाडा. जेवणाला बोलवा. येईल का हो?"

त्यांची पत्नी कधीच वारली, मुलगी ओसाकाला. एकोणीस वर्षांत त्यांनी मला 'येईल का' असं कोणाबद्दलही विचारलं नव्हतं.

मी पत्ता काढायला गेले. सेन्सेईंच्या नावाने चारशे नववर्षकार्डं मीच पाठवते. आणि दर डिसेंबरात तीस-चाळीस घरांतून शोकपत्रं येतात की, आमच्याकडे मृत्यू झाला आहे, यंदा शुभेच्छा नकोत. पत्त्यांच्या यादीतलं ते नाव लाल पेन्सिलीने खोडायचं, पत्र खोक्यात टाकायचं. शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाच्या टेबलावर असलं काही न्यायचं नाही, असं मला आधीच्या चिटणीसबाईंनी शिकवलं होतं. मी ते इमानाने पाळलं. नावं वाचतच नव्हते मी, पत्ता जुळवून रेघ मारायचे.

ओरिहारांच्या नावावर लाल रेघ होती, माझ्याच हातची.

खोक्यात गेल्याच्या गेल्या डिसेंबरातलं पत्र सापडलं. 'पती शुइची नऊ सप्टेंबरला निवर्तले. ओरिहारा फुमिए.' पत्ता मिळाला नाही असं सांगावं, पाच आठवड्यांत ते निवृत्तच होतायत, असंही मनात येऊन गेलं. पण मग मार्चच्या जेवणात त्यांची नजर दाराकडे लागून राहिली असती, आणि ते मला बघवलं नसतं.

दोन्ही हातांनी पत्र त्यांच्यापुढे ठेवून मी कमरेत वाकले. "माझी चूक झाली, सेन्सेई. मी तुम्हाला दाखवलं नाही."

त्यांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

"सप्टेंबर," ते म्हणाले. "त्याच वर्षी जानेवारीत त्याचं कार्ड आलं होतं."

"आलं होतं."

"म्हणजे कार्ड पाठवायचं त्याने थांबवलं नव्हतं."

"नव्हतं थांबवलं."

आता बोलणी बसणार म्हणून मी वाकलेलीच होते. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ती ओळ..." मी कसंबसं विचारलं.

"छापा. प्रत त्याच्या बायकोला पाठवा." त्यांनी चष्मा काढून पत्रावर ठेवला. "यंदाच्या जानेवारीत मी त्याचं नाव कार्डांच्या यादीतून काढायला सांगणार होतो तुम्हाला. दोन वर्षं मी मेलेल्या माणसावर रुसून बसलो होतो, कुवाबारा-सान."