कोणत्या मापानं

तिनं तिसरा रकाना पुसला, पुन्हा भरला आणि खुर्ची मागं ढकलून उठली. पडद्यावर तीन देशांची मानकं शेजारीशेजारी मांडली होती. खाणीनं खरवडलेली जमीन सावरली, असं कधी म्हणायचं? एका देशाला जमीन हिरवी झाली की पुरे होतं. दुसऱ्याला झाडं त्या मातीतलीच हवी होती. तिसरा शेजारच्या धडधाकट रानाकडं बोट दाखवत होता : असं होईल तेव्हा बोला. यातलं कोणतं आपल्याकडं लावायचं, ते तिला उद्या समितीला सुचवायचं होतं.

साहेब दारातून डोकावले.

"पहिलंच घ्या. उद्या समितीपुढं कोण वाद घालत बसेल? परक्याचा जोडा आपल्या पायात बसत नाही."

"पहिलंही परकंच आहे, सर."

"पण सैल आहे ना!" ते हसले, मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि तुमच्या भावाचीही सोय होईल."

भावाकडं खाणीच्या टेकडीवर झाडं लावायचं काम आहे, हे तिनंच त्यांना सांगितलं होतं. या कामातून आपल्याला मोकळं करतील, अशी तिची अपेक्षा होती. झालं भलतंच. पाण्याचा पेला तिनं उचलला आणि न पिताच खाली ठेवला. दुपारी ती टेकडीवर पोचली.

दादा फाटकाशीच उभा होता. उन्हानं रापलेला, पण चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानाची लगबग.

"ये, छकुले! ओळखू येतेय का टेकडी? नुसता उघडा दगड होता इथं."

खरंच, उतारभर दाट हिरवं होतं. एकाच जातीची, एकाच उंचीची झाडं ओळीनं उभी होती. ती भराभर चालत राहिली, वाकून पाचोळा उकरत, पुन्हा पुढं जात.

"अगं, जरा थांबशील? पायाला भिंगरी लागलीय का?"

"खाली दुसरं काहीच उगवत नाही, दादा?"

"सावली बघ ना केवढी पडलीय."

तिनं सावलीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं नाही.

"तिसरं माप लावलं, तर तू नापास होशील."

ती रागाची वाट बघत होती. राग आला असता, तर तिला बरं वाटलं असतं. दादानं टोपी काढली आणि घाम पुसला.

"तुला म्हणून सांगतो," तो म्हणाला. "इथं पाखरू येत नाही. आधी वाटलं, झाडं लहान आहेत. मग झाडं वाढली. परवा मूठभर ज्वारी टाकून बघितली. ती बघ, तशीच आहे."

एका बुंध्याशी दाणे पसरले होते. त्यांवर नुसती धूळ बसली होती.

साहेबांचा फोन वाजत होता. तिनं तो वाजू दिला.

"शेजारचं रान किती लांब आहे?" तिनं विचारलं.

"टेकडीच्या पलीकडं. का गं?"

"जाऊ या?"

"आत्ता?"

ती निघालीसुद्धा. चार पावलं गेल्यावर मागून त्याची चाहूल लागेना, म्हणून तिनं वळून पाहिलं. दादा गुडघे टेकून बसला होता आणि पाचोळ्यातली ज्वारी दाणा-दाणा वेचून रुमालात बांधत होता.